पातळ होत गेलेली गड्डी

आमच्या दवाखान्यात परदेशातून दोन मासिकं यायची आणि ती वाचणारी मी एकटी होते. आज हे साधेपणानं लिहितेय, पण तेव्हा कोणाला सांगताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

मुंबईला दोन वर्षं शिकून मी अमरावतीला परत आले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. फिजिओथेरपी हा शब्द गावात कोणाच्या तोंडात बसत नव्हता आणि मीही तो शिकवायच्या भानगडीत पडले नाही. लोक मला मालिशवाली बाई म्हणायचे. वडील वकील. बाररूममध्ये कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर ते "दवाखान्यात असते" एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. घरी मात्र एकदा म्हणाले, "एवढं शिकून शेवटी लोकांचे पायच चोळायचे?" मी म्हटलं, "तुम्ही शिकून लोकांची भांडणंच चोळता ना?" त्या दिवशी आईनं मला वाढलं नाही. माझा स्वभावच तसा. तोंड आधी, डोकं मागून.

त्यामुळे ती मासिकं मला फार जवळची वाटत. माझं काम म्हणजे तेल लावून रगडणं नव्हे, त्यामागे शास्त्र आहे, माणसं त्यावर डोकं झिजवतात, याचा तो माझ्याकडचा एकमेव पुरावा होता. मासिकं बोटीनं यायची. तीन-चार महिने उशिरा, कधी दोन अंक एकदम, तर कधी मधला एक गायबच. मुंबईला शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी एक सवय लावली होती. वाचलेल्या प्रत्येक लेखाचं एक कार्ड करायचं. वर रोगाचं नाव, खाली काय उपचार केला, काय निष्पन्न झालं. माझी कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभी रचलेली असत. माझ्या आधीच्या काळातले जुने अंक कपाटात धूळ खात पडले होते, त्यांचीही कार्डं मी पहिल्याच वर्षी करून टाकली. सगळ्यांत जाड गड्डी पोलिओची. बाकीच्या गड्ड्या नुसत्या उभ्या राहायच्या, हिला नाडी बांधावी लागे. लोकरीच्या पट्ट्या गरम पाण्यात पिळून कशा लावायच्या, पाय फळीला किती दिवस बांधून ठेवायचा, कधी हलवायला घ्यायचा, यावर तिकडची मंडळी तावातावानं भांडत होती. एकजण म्हणे बांधा, दुसरा म्हणे सोडा. मला ती भांडणं वाचायला घरच्यापेक्षा जास्त आवडायची.

अशात एक दिवस वलगावहून एक बाई चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. बाई मजुरीला जायची, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये होता. मुलीला ताप आला, ताप उतरला आणि दोन्ही पायांवरून वारं गेलं. डावा पाय थोडाफार हलत होता. उजवा मांडीपासून लोंबत होता.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घोट्याला, दंडाला हमखास मंतरलेले दोरे असायचे. गरम पट्ट्या लावायच्या तर ते आधी सोडावे लागत आणि त्यावरून आयांशी माझं वाजायचं. या मुलीच्या अंगावर एकही दोरा नव्हता. मी विचारलं तर आई म्हणाली, "आमच्या घरी तसलं काई नाई, बाई. दीक्षा घेऊन आलो अन् देव नदीत सोडले. सासू म्हने, पोट्टीले देवीच्या ठान्यावर ने. मी म्हनलं, न्याचीच असीन तं दवाखान्यात नेईन."

मग तिची नजर टेबलावर उघड्या पडलेल्या अंकाकडे गेली. त्यात पायाचं चित्र होतं.

"हे पुस्तक कायचं हाये?"

"डॉक्टर लोक लिहितात यात. जगभरचे. असल्याच पायांबद्दल."

"इच्या पायाचं लिवलं हाये याच्यात?"

"हो."

ती थोडा वेळ त्या पानाकडे बघत राहिली. तिला इंग्रजी काय, मराठीही नुकती कुठे लावून लावून वाचता येत होती. "मंग तुमी वाचा, बाई," ती म्हणाली. "मी इले घेऊन येत जातो. आमी देव सोडले, आता आमचा भरोसा पुस्तकावर हाये."

ती आली. आठवड्यातून एक दिवस, पावसाळ्यात चिखल तुडवत, उन्हाळ्यात पोरीच्या डोक्यावर ओला पदर टाकून. मी पट्ट्या लावल्या, व्यायाम करून घेतले, आईला घरी करायला शिकवले. पहिलं वर्ष सगळं सरळ होतं. ती विचारायची, "पुस्तकात काय लिवलं?" आणि त्यात जे लिहिलं असेल ते मी सांगायची. डावा पाय पूर्ण सुधारला. उजव्याची बोटं हलायला लागली, तेव्हा त्या बाईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मांडीत मात्र काही आलं नाही.

आणि ते येणार नव्हतं. वर्ष-दीड वर्षात जे परत येत नाही ते सहसा येतच नाही, हे माझ्याच अक्षरात कितीतरी कार्डांवर लिहिलेलं होतं. एके दिवशी पोरीची मांडी चाचपून मी हात धुवायला उठले, तेव्हा तिच्या आईनं विचारलं, "पुढच्या पुस्तकात येईन काय, बाई?"

"येईल," मी म्हटलं.

एवढंच. एक शब्द. हात धुता धुता.

का म्हटलं, याचा विचार मी आयुष्यभर केला आहे. दया आली म्हणून, हे खरं आहे, पण अर्धंच. गावात मला मालिशवाली न समजणारी ती एकटी बाई होती. तिच्या लेखी मी पुस्तक वाचणारी होते. "आज पुस्तकात काही नाही" असं म्हटलं की मी पुन्हा पाय चोळणारी झाले असते. ते मला नको होतं.

पुढे त्याचा रिवाजच झाला. नवा अंक आला की मी वेष्टन न फाडता ठेवून द्यायची. मुलगी येऊन ते फाडायची. "माह्या पायाचं पुस्तक आलं," म्हणायची आणि त्यावर गाल टेकवायची. आई समोर जमिनीवर बसून वाट बघायची. मग मी पानं चाळून कुठला तरी स्नायूंवरचा लेख शोधायची आणि सांगायची की प्रयोग चालू आहेत, आशा आहे, वेळ लागतो. धड खोटं म्हणता येत नव्हतं आणि खरं तर नव्हतंच. आधी मी तिच्या आईला सर्रास "अगं" म्हणायची, दवाखान्यात सगळेच म्हणत. या प्रकाराला सुरुवात झाल्यावर मी तिला "अहो" म्हणू लागले. तिला त्याचं फार कौतुक वाटायचं.

मुलगी साडेपाच-सहा वर्षांची झाली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी कॅलिपर सांगितला. कॅलिपर म्हणजे बुटाला जोडलेल्या दोन लोखंडी दांड्या, वर मांडीला चामड्याचा पट्टा. गुडघा सरळ धरून ठेवायचा, म्हणजे मांडीत जोर नसला तरी पायावर उभं राहता येतं. अकोल्याला जठारपेठेत एक मिस्त्री ते बनवायचा. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या कारखान्यात शिकलेला, हात सफाईदार. डॉक्टर सांगून पुढच्या खाटेकडे गेले आणि ती बाई माझ्याकडे वळली.

"लोखंड लावलं म्हंजे पाय गेला असंच ना, बाई?"

"तसं नाही. चालता येईल तिला."

"पन लोखंडानंच ना? पायानं नाई." ती पोरीच्या पायावरून हात फिरवत राहिली. "तुमी सांगा. पुस्तकात काई येवाचं असीन तं आमी थांबतो."

तेव्हा मी ओरडायला हवं होतं. मी दोऱ्यांवरून ओरडायची, उशिरा येण्यावरून ओरडायची, वडिलांना बोलायला कमी करत नव्हते. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "कॅलिपर घेतलेला बरा. पण थांबायचं असेल तर थांबू थोडं. पुढचा अंक पाहू."

ती थांबली.

मुलीला गावच्या शाळेत घातलं होतं. आई तिला कडेवर नेऊन वर्गात बसवायची आणि तिथून कामावर जायची. सुट्टी झाली की पोरं बाहेर पळायची आणि ही एकटी भिंतीशी बसून राहायची. तिची आई एकदा मला म्हणाली, "मले इले एक डाव शाळेत चालत गेलेली पाह्याची हाये. मंग मी मेलो तरी चालते." तिचं मागणं एवढंच होतं. पाय बरा व्हायलाच पाहिजे असंही नव्हतं. ते मला ऐकू आलं नाही.

त्याच हिवाळ्यात मी कार्डांचा डबा साफ करायला घेतला. कार्डं वर्षवार लावताना पोलिओच्या गड्डीत मला एक गोष्ट दिसली. जुन्या वर्षांच्या बाजूला चिमटीत मावत नव्हती एवढी कार्डं. पुढची वर्षं पातळ होत गेलेली. गेल्या वर्षाची तर बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही बहुतेक लशीची. जागा दुसऱ्यांनी घेतली होती. कचेरीत बसून दुखणाऱ्या पाठी, खेळाडूंचे गुडघे, हृदयविकारानंतर पाय मारायच्या जागच्या सायकली. आधीच्या अंकांतली फळीला बांधलेली पोरं गेली होती आणि त्यांच्या जागी अर्ध्या चड्डीतले तगडे पुरुष आले होते.

तिकडे लस निघाली, पोरं आजारी पडायची थांबली आणि लिहिणाऱ्यांनी दुसरे विषय धरले. त्यात त्यांचं चुकलं असंही नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आमच्याकडे मात्र दर पावसाळ्यानंतर नवी पोरं कडेवर येतच होती, आणि मी एका आईला सांगत होते की पुढच्या अंकात येईल. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे मला दिसलं त्याच आठवड्यात मी तिला सांगू शकले असते. मुलीचा गुडघा तेव्हा अजून सरळ होत होता. मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यानं दुसरीच वाट काढली. ते लिहीत नाहीत ना, मग मी लिहीन.

दीड वर्ष मी त्या लेखामागे होते. त्या एका मुलीवर लेख. दर महिन्याला तिचे स्नायू तपासून, कोन मोजायच्या पट्टीनं सांधे मोजून मी सगळं टिपून ठेवलेलंच होतं. त्याचा तक्ता केला. एक छायाचित्र जोडलं. त्याची परवानगी म्हणून आईची सही घेतली. दीक्षेनंतर शिकलेली सही, एकेक अक्षर थांबून थांबून काढलेली. "आता आमच्या पोट्टीचाच पाय पुस्तकात येईन," ती जाताना म्हणाली. तिचा आनंद बघून मलाही वाटलं की हेच ते, मी "येईल" म्हटलं होतं ते आता खरं होईल. इतकी मी मूर्ख होते.

लेख बोटीनं गेला. कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. सभ्य पत्र होतं. मोजमाप काळजीपूर्वक केलं आहे, तक्ता चांगला आहे, पण आमच्या वाचकांना हा रोग आता क्वचितच दिसतो, असा त्याचा मतलब होता. सोबत माझे कागद परत.

आठवडाभर मी जो भेटेल त्याच्यावर चिडत होते. गरज सरो वैद्य मरो, असं डॉक्टरांनाही बोलून दाखवलं. मग एका दुपारी, पेशंट नव्हते तेव्हा, मी तो परत आलेला तक्ता उघडला आणि दुसऱ्या कोणीतरी केलेला असावा तसा पहिल्यांदा वाचला. उजव्या गुडघ्याचा रकाना. पहिल्या ओळीत गुडघा पूर्ण सरळ. मग थोडा वाकलेला. मग अजून. प्रत्येक महिन्याला अजून. मुलगी दिवसभर पाय दुमडून बसायची, आठवड्यातून एकदा मी तो ताणायची, त्यानं काय होणार? आणि हे मला माहीत होतं. मोजत मीच होते. एका मुलीचा पाय कायमचा वाकत गेला तो मी रेघा आखून, शाई न सांडता, सुबक अक्षरात लिहून ठेवला होता. आणि तो छापून यावा म्हणून झुरत होते.

पुढच्या खेपेला मी तिच्या आईला सांगितलं. "अहो, तिकडे आता हा रोग होत नाही. लस आली आहे. त्यामुळे याबद्दल कोणी लिहीत नाही. आता पुस्तकात काही येणार नाही."

तिनं पोरीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "त्याईचे पोट्टे चांगले झाले?"

"हो."

"बरं झालं, माय," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. त्या परक्या पोरांसाठी तिला खरंच बरं वाटलं होतं. मग तिनं विचारलं, "कधीपासून बंद झालं लिवनं?"

"या वर्षीपासून," मी म्हटलं.

म्हणजे तेव्हाही मी खोटंच बोलले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. मुलीला कॅलिपर कधीच बसला नाही. गुडघा सरळ करायला प्लास्टर घालून पाहिलं, तो थोडा हलला आणि परत वाकला. ऑपरेशनसाठी मुंबईचं नाव निघालं, पण तिथे महिनोन्‌महिने राहणं त्या घराला जमण्यातलं नव्हतं. मुलगी उजव्या मांडीवर हात दाबून, कमरेतून वाकून चालायला शिकली. घरातल्या घरात, अंगणात. आईला तिचं वजन झेपेना तेव्हा शाळा सुटली. माझी अकोल्याला बदली झाल्यावर त्या दवाखान्यात तिचं येणंही थांबलं, असं नंतर कळलं.

पण मला सांगायची आहे ती जठारपेठेतली गोष्ट. पुस्तकात आता काही येणार नाही हे सांगितलं त्याच दिवशी मीच म्हटलं होतं, चला, मी येते तुमच्यासोबत, कॅलिपरचं माप देऊन येऊ. बडनेऱ्याहून गाडी धरून आम्ही तिघी अकोल्याला उतरलो. मुलगी पहिल्यांदा आगगाडीत बसली होती आणि भलतीच खुशीत होती. आईनं तिला नवा झगा शिवला होता. वाटेत आई मला म्हणाली, "लोखंडाचा तं लोखंडाचा. चालन तं खरी." तिनं आपल्या मनाची समजूत काढली होती.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक खोली, भिंतीवर चामड्याचे पट्टे टांगलेले, कोपऱ्यात लहान-मोठे बूट. म्हातारा माणूस. त्यानं मुलीला बाकावर बसवलं, दोन्ही बाजूंनी हात लावून गुडघा सरळ करायला गेला आणि थांबला. पुन्हा प्रयत्न केला. मुलीनं ओठ चावला. त्यानं लोखंडी पट्टी पायामागे धरली. पट्टी आणि गुडघा यांच्यामध्ये त्याची अख्खी मूठ मावत होती.

"याले कॅलिपर नाई बसत," तो म्हणाला. "पाय सरळ असला तं लोखंड त्याले धरते. वाकलेल्याले काय धरीन?"

"थोडा वाकवून नाही करता येणार?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"थोडा असता तं केला असता." तो आईकडे वळला. "दोन-तीन वर्सं आधी आनाले पायजे होती पोट्टी. तवा हा गुडघा सरळ असीन. काहून थांबल्या एवढ्या दिवस?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी कधी तिच्याकडे तसं पाहिलं नव्हतं, इतकं नीट पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. आपण कशासाठी थांबलो, कोणाच्या शब्दावर थांबलो, आणि थांबलो म्हणून काय गेलं.

मिस्त्रीनं तिची नजर पाहिली असावी. तो मला म्हणाला, "बाई, तुमी तं दवाखान्यातल्या. रोज पाह्यता असे पाय. तुमी काहून नाई सांगतलं इले?"

मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"त्याईनं लय खेपा सांगतलं, भाऊ," ती म्हणाली. "बाईचा काई दोष नाई. मीच आयकलं नाई. आमी अडानी मानसं."

मिस्त्री मान हलवत पट्टी जागेवर ठेवायला गेला. असं बोलणं त्याच्या रोजच्या कानावरचं असणार. मुलगी आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती. मी एकदाच सांगितलं होतं, तेही अर्ध्या तोंडानं, आणि त्याच वाक्यात थांबू म्हटलं होतं. देव सोडून पुस्तकावर भरोसा ठेवणारी ती बाई अडाणी नव्हती. हे सांगायला मला तिथं कोणी अडवलं नव्हतं.

मी गप्प उभी राहिले आणि तिला ते बोलू दिलं.